कफ सिरपची बाटली

आईच्या केअर होमचं मागच्या महिन्याचं बिल आलं तेव्हा मी रिक्षात होते, नळस्टॉपच्या सिग्नलला. पाच तारखेच्या आत भरा म्हणून व्हॉट्सॲपवर पीडीएफ येतं, मी खालची टोटल बघते, दादाला फॉरवर्ड करते आणि पैसे पाठवून टाकते, मधल्या ओळी वाचायच्या भानगडीत कधी पडत नाही. त्या दिवशी सिग्नल लांबला म्हणून वाचल्या. रूम आणि जेवण ३६,०००. फिजिओ १२ व्हिजिट. पुल-अप डायपर १ पॅकेट. बीपीच्या गोळ्या, कॅल्शियम, इसबगोल. आणि मध्येच कफ सिरप, १ बाटली, ११८ रुपये.

११८ रुपयांचं काही नाही हो, ४५ हजारांच्या बिलात ११८ म्हणजे काय, पण आईला खोकला झालाय आणि मला पत्ताच नाही हे टोचलं. रोज संध्याकाळी साडेसातला आमचा फोन असतो, त्यांच्या जेवणाची घंटा व्हायच्या आधी, आणि आदल्याच दिवशी ती पंधरा मिनिटं तिथल्या उपम्याबद्दल बोलली होती (रवा न भाजता करतात म्हणे), एकदाही खोकली नव्हती. मी तिथल्या सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, हो ताई, आजींना कोरडा खोकला आहे ना, दहा-बारा दिवस झाले, रजिस्टरला नोंद आहे, ताप नाही, छाती क्लिअर आहे, डॉक्टरांनी सिरप लिहून दिलंय. मग आईला लावला. "खोकला? मला? छे गं, कुणी सांगितलं?"

आता यात खोटं कोण बोलतंय हे डोक्यात घेऊन मी दोन दिवस फिरले. पहिला संशय अर्थातच बिलावर, कारण या सगळ्या प्रकारात पडल्यापासून मी बिलाकडे संशयानंच बघायला शिकलेय. दुसरा संशय आईवर, कारण दुखलं-खुपलं लपवण्यात ती पटाईत आहे. तिसरी शक्यता माझ्या डोक्यात आलीच नाही.

सुरुवात झाली गेल्या वर्षीच्या श्रावणात. आई धायरीच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची, बाबा २०१४ ला गेले तेव्हापासून, आणि मजेत राहायची. झेडपीच्या शाळेत मास्तरीण, सगळी नोकरी भोर तालुक्यात, २००२ ला रिटायर झाली आणि फंड आणि ग्रॅच्युइटी घालून हा वन बीएचके घेतला. मंगळवारी सकाळी ती बाथरूममध्ये पडली. शेजारच्या काकूंना नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला म्हणून त्यांनी बेल वाजवली, मग मला फोन, माझ्याकडची किल्ली घेऊन मी पोचेपर्यंत पाऊण तास. बाहेरचं दार उघडलं पण बाथरूमचं उघडेना. आतून कडी. आणि कडी तोडून तरी काय उपयोग, दार आत उघडणारं आणि आई दाराला टेकून पडलेली, ढकललं तर तिलाच लागणार. शेवटी काकूंचा मुलगा ड्राय बाल्कनीतून आडव्या काचा एकेक काढून आत उतरला. मी दाराच्या या बाजूला बसून दाराशीच बोलत होते, आई ऐकू येतंय का, आई हं म्हण, आणि आतून आवाज आला तो असा, "कपडे दे आधी आत. तो पोरगा यायच्या आत."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनचे पैसे मेडिक्लेमनं बऱ्यापैकी दिले. खरा खर्च त्यानंतर सुरू झाला आणि तो कुणीच देत नाही. ही गोष्ट मला पन्नाशी उलटून गेल्यावर, स्वतः हिशेबाच्या ऑफिसात नोकरी करत असून, तेव्हा कळली. पॉलिसीच्या पुस्तिकेत एक्सक्लूजन ०५ म्हणून कलम असतं, कुठल्याही कंपनीची पॉलिसी काढून बघा, भाषा जवळजवळ तीच, की अंघोळ, कपडे, हिंडणं-फिरणं अशा रोजच्या गोष्टींत मदत लागते म्हणून घरी किंवा नर्सिंगच्या जागी माणूस ठेवलात तर तो खर्च आमचा नाही. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना सरकारनं २०२४ च्या ऑक्टोबरात आयुष्मानचं वय वंदना कार्ड दिलं, ५ लाखांचं, आईचंही काढून घेतलं, चांगली गोष्ट आहे, पण ते हॉस्पिटलात ॲडमिट झालं तर. हाड मोडलं तर पैसे आहेत, मोडलेलं हाड घेऊन जगायला नाहीत.

मग ब्युरोच्या मावश्या. बारा तासांचे ९००. चोवीस तासांची ठेवली तर महिन्याला २७ हजार आणि वर तिचा चहा-नाश्ता-जेवण. आठ महिन्यांत सहा मावश्या झाल्या. एक गावच्या जत्रेला म्हणून गेली ती परत आलीच नाही, एकीला आईनं घालवलं कारण ती फोनवर रील बघत बघत भात भरवायची, आणि एक बीडकडची होती ती इतकी गुणाची की आई तिला शुद्धलेखन शिकवायला लागली, तर तिच्या मुलीचं बाळंतपण आलं. ब्युरोवाला म्हणायचा, ताई दुसरी पाठवतो ना संध्याकाळपर्यंत, जणू काही सिलिंडर.

लोक विचारतात, विचारत नाहीत पण चेहऱ्यावर दिसतं, की मग तुमच्याकडे का नाही. सांगते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि हॉलमधल्या दिवाणावर ८४ वर्षांच्या माझ्या सासूबाई आहेत. दादा बंगळुरूला, अकराव्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण दिवसभर घरात माणूस नाही, आई तीन आठवडे राहून आली आणि म्हणाली, तिथं लिफ्टमधल्या बायांशीसुद्धा नुसतं हसावं लागतं गं, तोंड दुखलं हसून. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी ती सांगताना माझा आवाज जरा वर जातो, हे माझ्या नवऱ्यानं मला दाखवून दिलंय.

शेवटी आईच म्हणाली. "मला कुठंतरी ठेवा."

हे ठेवणं. वहिनी फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, आईंना आता पुण्यातच ठेवलंय, आणि मला एकदम बँकेतली पावती आठवली. मुदतठेव. सामान माळ्यावर ठेवतो, दागिने लॉकरमध्ये ठेवतो, मूल पाळणाघरात ठेवतो. आई मात्र हे स्वतःबद्दल म्हणाली आणि वर्गात हजेरी घेतल्यासारखं म्हणाली, की पुढचा विषय काढा. त्यात रडूबिडू काही नव्हतं. १९९५ ला सरकारनं मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली तेव्हा ती पन्नाशीची होती, आणि स्टाफरूममध्ये सगळ्या बाया एकमेकींना चिडवायच्या म्हणे, चला, आपली सोय झाली. वृद्धाश्रम म्हणजे आमच्या घरात एक तर विनोद नाहीतर टोमणा. लहानपणी पुण्यात आत्याकडे आलो की कुणाच्या तरी स्मरणार्थ नवी पेठेत निवाऱ्यात जेवण द्यायला जायचो, तिथं ओळीनं बसलेल्या आज्या आम्हा पोरांच्या गालावरून हात फिरवायच्या, आणि परत येताना आत्या हमखास म्हणायची, बघा बाई, वेळ कुणावर येईल सांगता येत नाही. म्हणजे ती वेळ. येणारी. आणि ती पोरांमुळेच येणार, हे न बोलता ठरलेलं.

शोधायला लागल्यावर पहिल्यांदा समजलं की वृद्धाश्रम वेगळा आणि आपल्याला हवंय ते वेगळं. ट्रस्टचे चांगले वृद्धाश्रम आहेत, खर्चाला बरे, म्हणजे नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेत साठीवरच्या माणसाचे महिन्याला २५ हजारांपर्यंतचे पैसे असतील तर त्यावर जीएसटीसुद्धा नाही, पण तिथं पहिला प्रश्न, आजी चालत्याफिरत्या आहेत ना? स्वतःचं स्वतः करतात ना? करत असत्या तर धायरीला नसत्या का राहिल्या. दुसऱ्या टोकाला अथश्रीसारखे प्रकार, स्वतःचा फ्लॅट, खाली बाग, संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम, फार छान, पण तो निर्णय पासष्टीत पाय धड असताना घ्यायचा. आमच्यासारखे उशिरा जागे झालेले लोक मधल्या गल्लीत शिरतात. असिस्टेड लिव्हिंग. केअर होम. एल्डर केअर. नावं इंग्रजी आणि जागा बहुतेक करून भाड्यानं घेतलेला बंगला, सिंहगड रोडला, वारज्यात, हडपसरकडे, जिन्याला नवीन बसवलेलं स्टीलचं रेलिंग आणि हॉलमध्ये सहा बेड.

दादानं एक्सेल केली. चौदा कॉलम. डिपॉझिट, महिन्याचे पैसे, रात्रीचा स्टाफ किती, डॉक्टर किती वेळा, ऑक्सिजन, जनरेटर, जवळचं हॉस्पिटल किती मिनिटं. तो बंगळुरूहून कॉलम वाढवायचा आणि मी पुण्यात फिरून भरायचे. आठ जागा बघितल्या. सगळीकडे आधी रेट कार्ड दाखवतात, त्यात माणसांचे तीन प्रकार, चालणारे, सेमी-डिपेंडंट आणि बेडरिडन, आणि एका प्रकारातून दुसऱ्यात गेलात की महिन्याला सहा-सात हजार वाढणार. पहिल्यांदा ते वाचताना मला एसटीचं भाडेपत्रक आठवलं, टप्पे असतात तसं. शिवाय डायपर वेगळे, फिजिओ वेगळा, हॉस्पिटलात सोबत माणूस पाठवला तर त्याचे वेगळे, नळीनं भरवायची वेळ आली तर त्याचे वेगळे, आणि दरवर्षी एप्रिलला आठ-दहा टक्के वाढ. एका ठिकाणी करारात बारीक अक्षरात होतं की पेशंटच्या वागण्याचा इतरांना त्रास झाला तर सात दिवसांत घेऊन जावं लागेल. मी विचारलं, त्रास म्हणजे काय? तो मुलगा म्हणाला, म्हणजे मॅडम, ओरडणं वगैरे. रात्री मला झोपेत तेच आठवत राहिलं, ओरडणं वगैरे.

काही गोष्टी एक्सेलमध्ये बसत नव्हत्या त्या मी आपल्या बघायचे. न सांगता दुपारी चारला जायचं, चहाच्या वेळी. फिनेलचा वास चालेल, फिनेलखालून येणारा दुसरा वास येतोय का ते बघायचं. पाण्याचं भांडं हात पोचेल तिथं ठेवलंय की टेबलाच्या पलीकडे. आज्यांची नखं. नखं फार बोलतात. एका जागी सगळं चकाचक होतं, टाइल्स, पडदे, भिंतीवर झाडाचं चित्र आणि फोटो, आणि हॉलमध्ये टीव्हीसमोर नऊ बायका बसलेल्या, नऊच्या नऊ जणींचे केस बॉयकट. एकाच हातानं, एकाच दिवशी कापल्यासारखे. मी विचारलं तर उत्तर आलं, मेंटेन करायला सोपं जातं, उवा होत नाहीत, आणि त्यांनाही हलकं वाटतं. असेलही. पण आईचा अंबाडा माझ्या डोळ्यांसमोर आला, पांढरा, सुपारीएवढा राहिलाय आता, त्याला ती चार आकडे लावते आणि पाचवा तोंडात धरून आमच्याशी बोलते. दादाला सांगितलं, ही जागा नको. तो म्हणाला, पण तिथं नर्सचं प्रमाण सगळ्यात चांगलं आहे. मी म्हटलं, नको म्हणजे नको. असं भांडणही झालं आमचं, केसांवरून.

पैशांचं सांगते, कारण हे कुणी नीट सांगत नाही आणि मग प्रत्येक जण शून्यापासून सुरू करतो. आईची पेन्शन ३१ हजार. बाबांचे १५ लाख सिनियर सिटिझन स्कीममध्ये आहेत, ८.२ टक्के, म्हणजे तिमाहीला ३०,७५०, महिन्याला पडतात १०,२५०. झाले ४१ हजार. बिल ४४ ते ४६. वरचे आम्ही दोघं निम्मे निम्मे घालतो. ऐकायला सोपं, पण व्याज येतं तीन महिन्यांनी आणि बिल येतं दर महिन्याला, शिवाय डिपॉझिट दीड लाख एकदम द्यावं लागलं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला चुकला तर पेन्शन थांबणार, आणि एप्रिलमध्ये कर कापू नका म्हणून द्यायचा फॉर्म भरायचा विसरला की व्याजातून टीडीएस कापला जाणार. आणि आमचं हे बरं चाललंय. पेन्शन नाही अशा बायका किती आहेत आपल्याकडे, जन्मभर घरात राबलेल्या, त्यांचं काय करतात लोक, मला खरंच समजत नाही. आमच्या सोसायटीतले एक काका उठसूट २००७ च्या कायद्याची धमकी देतात मुलांना, आईवडिलांना सांभाळलं नाही तर ट्रिब्युनलमध्ये खेचीन म्हणून. खेचा. महिन्याला १० हजारांच्या वर मिळत नाही त्यात. १० हजारांत तो बेड आठ-नऊ दिवस मिळेल.

धायरीचा फ्लॅट भाड्यानं दिला तर तोंडमिळवणी होईल हे आम्हा तिघांनाही दिसतंय. आईला मी एकदा विचारलं. तिनं उशीजवळची कापडी पिशवी पोटाशी ओढली, त्यात किल्ली असते. परत विचारलं नाही. फ्लॅट बंद आहे, आम्ही मेंटेनन्स भरतो, महिन्यातून एकदा मी जाऊन नळ सोडून येते.

शेवटच्या दोन जागा उरल्या तेव्हा आईला दाखवायला नेलं. गाडीतून उतरून वॉकर घेऊन ती स्वतः चालत गेली, तीन पायऱ्यांना दहा मिनिटं लागली पण हात धरू दिला नाही. मॅनेजर बाई चांगल्या होत्या, खुर्ची ओढून समोर बसून बोलल्या, आमच्याशी न बोलता आईशी बोलल्या. रूम दोघींची. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. दुसऱ्या बेडवर सांगलीकडच्या एक आजी, कानानं पार गेलेल्या, आईकडे बघून गोड हसल्या. दादा व्हिडिओ कॉलवर होता, त्यानं जनरेटरचं विचारलं. मी विचारलं, केस कापत नाही ना? नाही म्हणाल्या. मग त्यांनी आईला विचारलं, आजी, तुम्हाला काही विचारायचंय?

आईनं दाराकडे बघितलं. "आतून कडी नाही?"

"नाही हो आजी. सेफ्टीसाठी. बाथरूमलाही नाही. कुणी आत पडलं-बिडलं तर पटकन जाता आलं पाहिजे ना."

आई म्हणाली, हं. वर्गात एखाद्या पोरानं चुकीचं उत्तर दिलं की ती बस म्हणायच्या आधी जसं म्हणायची, तसलं हं.

आणि मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. बाथरूमचं दार बाहेर उघडतं का हे मी आधीच जाऊन बघून आले होते, उघडत होतं. महारेरानं २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रोजेक्टसाठी नियम काढले त्यात हेच आहे, दारं ९०० मिलिमीटरची हवीत, टॉयलेटचं दार बाहेर उघडणारं हवं, धरायला दांडे हवेत. मी ते कात्रण कापून ठेवलं होतं. नियम नव्या बिल्डिंगांना आहेत, जुन्या बंगल्यांना कोण विचारतंय, पण इथं त्यांनी केलेलं होतं. धायरीच्या त्या दाराशी बसलेल्या मुलीला कडी नसलेलं दार दिसलं की काय वाटणार. मी तिथंच मनात ठरवून टाकलं. आई गाडीत गप्प होती. नवले पुलावर ट्रॅफिक होतं, बराच वेळ गाडी उभी होती, तर एकदम म्हणाली, "भोरला नव्हती, तसंच."

तेव्हा मी हो म्हणून विषय बदलला. पण भोरला खरंच नव्हती. राजवाड्यापासून जवळ, एका जुन्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या, आठ बिऱ्हाडं, पावसाळ्यात नीरेच्या पाण्याचा आवाज रात्रभर. मागच्या बाजूला दोन संडास, पत्र्याची दारं, एकाची कडी तुटलेली ती मी दहावी होईपर्यंत तुटलेलीच. मालक म्हणायचे, बसवू की. आत जाताना बादली दाराला लावून ठेवायची, आणि बाहेर पावलं वाजली की आतल्या बाईनं खोकायचं. हा वाड्याचा कायदा होता. प्रत्येकीचा खोकला वेगळा, जोशीकाकूंचा लांबलचक खाकरून झालेला, वरच्या मजल्यावरच्या नव्या सुनेचा लाजत एवढासा, आणि आईचा कोरडा, दोनदा, आखूड, फळ्यावर डस्टर आपटल्यासारखा. अंघोळीची मोरी खोलीच्या कोपऱ्यात, जुन्या नऊवारीचा पडदा, आणि बाबांचे मित्र अवेळी आले की आई पडद्याआड तशीच ओल्या अंगानं अर्धा अर्धा तास बसून राहायची, ते चहाची वाट बघत, ती ते जायची वाट बघत. ३६ वर्षं नोकरी केलेली, तालुक्यात मान असलेली बाई. तिला आतून लागणारी पहिली कडी मिळाली ती धायरीच्या फ्लॅटमध्ये, अठ्ठावन्न वर्षांची झाल्यावर. पितळी, ठसठशीत, बाबांनी रविवार पेठेतून आणलेली. मग बाबा गेल्यावर घरात एकटी असतानासुद्धा ती बाथरूमची कडी लावायची, आणि त्यावरून मी तिला किती बोललेय, अगं आहे कोण घरात, कशाला लावतेस? "लावता येते म्हणून लावते."

दीड लाखाचा चेक मी दुसऱ्या दिवशी दिला. सोबत आणायच्या वस्तूंची छापील यादी मिळाली, सहा गाऊन, दोन टॉवेल, स्टीलचं ताट-वाटी-भांडं, किमती दागिने आणू नयेत, कपड्यांवर न पुसणाऱ्या पेननं नाव घालावं. आईनं स्वतः घातलं, मोत्यासारख्या अक्षरात, नाव, वडिलांचं नाव नाही नवऱ्याचं नाव नाही, नुसतं स्वतःचं, आणि पुढे बाई. शाळेत म्हणायचे तसं.

तर त्या खोकल्याचं. दोन दिवस विचार करून मी शनिवारी न कळवता गेले, अकराच्या सुमाराला, सोबत भाजक्या पोह्यांचा चिवडा. मनात पूर्ण तयारीनं गेले होते, की रजिस्टर दाखवा म्हणायचं, बाटली दाखवा म्हणायचं. कॉरिडॉरमध्ये ताकाची ट्रॉली घेऊन मावशी पुढे चालल्या होत्या, मी त्यांच्या मागे. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मावशींच्या चपला फटक फटक वाजत दारापर्यंत पोचल्या, त्यांनी हात पुढे केला, आणि आतून आला. कोरडा. दोनदा. आखूड.

मावशी जागच्या जागी थांबल्या. तोंडाला पदर लावला. "बघा ना ताई, अजून आहे. रात्री नसतो हां अजिबात, झोप लागते छान. दिवसाच येतो, अंघोळीला गेल्या, कपडे बदलायला लागल्या की. थंड लागत असेल अंगाला. आम्ही काय करतो, आजी खोकल्या की दोन मिनिटं बाहेरच थांबतो. कोरोनापासून भीती वाटते हो."

मी काही बोलले नाही. आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या राहिलो, ताकावर माशी बसत होती ती मावशी हाकलत होत्या. आतून वॉकरचा आवाज आला, गाऊनची बटणं लावायला तिला वेळ लागतो, मग कपाटाचं दार, मग "हं, या."

अंबाडा घालून झाला होता, एक आकडा अजून तोंडात. शेजारच्या आजी भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. ताक ठेवून मावशी गेल्या तसं मी विचारलं, सिरप कुठंय गं? तिनं आकडा केसात खोचला आणि बेसिनकडे मान हलवली. "रोज दोन चमचे ओतते तिथं. गोड आहे मेलं, मुंग्या व्हायला लागल्यात. तू आलीयस तर ती लक्ष्मणरेषा आण उद्या-परवा." आणि चिवड्याचा डबा उघडून शेंगदाणे वेगळे काढायला लागली, ते तिला आता चावत नाहीत.

निघताना ऑफिसात डोकावले. सिस्टर म्हणाल्या, हे सिरप लागू पडत नाहीये बहुतेक, डॉक्टरांना सांगून बदलून घेऊ का? मी म्हटलं, नको, हेच चालू ठेवा. कडीचं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, बाहेरून नाण्यानं उघडता येतात अशा कड्या मिळतात हल्ली, मी ऑनलाइन बघितल्यात, साडेतीनशे रुपये. पण त्यांनी हो म्हटलं असतं तर मला रात्री झोप लागली असती का, ते माहीत नाही. नाही विचारलं.

या महिन्याच्या बिलात परत ११८ आहेत. दादानं या वेळी ओळी वाचल्या वाटतं, लगेच मेसेज आला, आईचा खोकला जात का नाहीये, ईएनटीला दाखवूया का, मी ऑनलाइन अपॉइंटमेंट घेतो.

मी लिहिलं, जुना आहे रे, भोरचा.

त्यानं अंगठा पाठवला.